गौरम्मांनी राखलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. देवणीच्या कचेरीतल्या कपाटात, बंद पडलेल्या पंख्याशेजारी माझा मुक्काम असतो. पंखा काही बोलत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

देवणी तालुका तेव्हा नवा होता आणि दुष्काळ जुनाच. इथल्या संगणकातली फाईल टेलिफोनच्या तारेवरून लातूरच्या संगणकाला पोचवणं, हे माझं काम. आधी मी किंचाळायचो, मग लातूरचा मोडेम किंचाळायचा, की ओळख पटली! कारकून मन्मथ म्हणायचा, "आपला कोंबडा आरवला." कोंबडा म्हटलेलं मला आवडत नसे, पण कौतुक कुणाला नको असतं?

एकदा टँकर लागणाऱ्या गावांची फाईल निघाली. संध्याकाळपर्यंत ती लातूरला पोचली नाही, तर त्या आठवड्यात टँकर नव्हता. त्यातल्याच एका गावच्या म्हाताऱ्या गौरम्मा, आपल्या गावाचं काय होतंय हे बघायला उन्हातून चालत आल्या होत्या. त्या बाहेरच्या खोलीत फोनपाशी बसल्या. तो फोन आणि मी एकाच तारेवर. मी नंबर फिरवला की तो उगाच टिणटिणायचा.

त्यांच्या गावात फोन एकच. जवळ असेल त्यानं उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची, अशी रीत. त्या दिवशीही फोन टिणटिणला. कुणीच उठेना, तेव्हा बऱ्याच वेळानं गौरम्मांनी तो उचलला.

"हालो! कोण बोलायलंय? कोणाला बोलवू?"

निम्मी गेलेली फाईल तुटली. मला भयंकर राग आला.

मन्मथ धावत आला. "अव्वा, काय केलं हे! तुमच्याच गावचं पाणी चाललं होतं की तारेतून!"

गौरम्मांचा चेहरा एवढासा झाला. तो पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पुन्हा आरवलो. या खेपेला त्या फोनवर दोन्ही हात दाबून बसल्या. तेवढ्यात नायब तहसीलदार अमृतराव फोन करायला आले.

"हात लावू नका, साहेब. पाणी चाल्लंय."

अमृतराव खुर्ची ओढून वाट पाहत बसले. दिवे लागायच्या सुमारास मन्मथ आतून ओरडला, "पोचली, अव्वा!"

त्यांनी हात काढले नाहीत. "लातूर लांब हाय. नीट पोचू दे."

टँकर आला. गौरम्मा पुन्हा आल्या आणि स्वतःच्या कपाळावर लावतात तशी भस्माची तीन बोटं माझ्या अंगावर ओढून गेल्या. पुढं नव्या तारा आल्या, वेगवान यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कधी हे कपाट आवराल तर मला ओल्या फडक्यानं पुसू नका. माझ्यावर पांढरं दिसतं, ती सगळीच धूळ नाही.