यूपीएसच्या खोलीतले कंद

नव्याण्णव सालच्या नोव्हेंबरात सत्यशीलाकाकू रत्नागिरीला बहिणीकडे निघाल्या आणि जाताना आपल्या भाडेकरूच्या, म्हणजे रंगनाथच्या हातात द्राक्षांची पुठ्ठ्याची पेटी देऊन गेल्या. आत कोरड्या वाळूत कॅलेडियमचे बारा कंद झोपले होते. पावसाळ्यात त्यांना अळूसारखी, पण लाल-गुलाबी पानं येत, आणि काकूंच्या गॅलरीकडे बघता बघता कोथरूडातली माणसं स्कूटर फाटकावर घालत.

"पाणी घालायचं नाही. गारठा लागू द्यायचा नाही. उगाच उघडून कौतुक करायचं नाही," काकू म्हणाल्या. "कंद जगले तर खोली पुढेही तुमची. नाही जगले, तर वाघोलीत जागा स्वस्त आहेत असं ऐकते."

रंगनाथ वरोऱ्याचा. ही त्याची पुण्यातली सातवी खोली, आणि आंघोळीचं वेळापत्रक दारावर न लावलेली पहिलीच. वाघोलीहून कर्वे रस्त्यावरच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात यायचं म्हणजे दोन बस आणि एक जन्म.

डिसेंबरात पारा नऊवर आला. रंगनाथने न राहवून पेटी उघडली, तर एक कंद पेढ्यासारखा मऊ. त्याने तो बाहेर काढला, दोन मिनिटं शांतता पाळली आणि उरलेली पेटी लुनाला बांधून थेट ऑफिसात नेली. तिथे यूपीएसच्या खोलीत बॅटऱ्यांच्या उबेने बारा महिने चैत्र असे.

पंधरा दिवसांनी, क्वालिटी सर्टिफिकेटच्या ऑडिटच्या आदल्या सकाळी, पेटी अपेक्षाला सापडली. क्वालिटीचं खातं तिचं. ज्याचा कागद नाही ते ऑफिसात नाही, असा तिचा नियम होता.

"हे काय?"

"कंद."

"डॉक्युमेंट?"

"कंदांचं?"

"उद्या ऑडिट आहे, रंग्या. एक तर फेक, नाही तर लिही."

"फेकू काहून? माझी खोली आहे त्यात!"

त्याने चौदा पानं लिहिली. उद्देश, व्याप्ती, जबाबदाऱ्या. धोके: ओल, उंदीर, आणि कॅन्टीनच्या गोदाबाई, ज्या अरवी समजून कढईत परतू शकतात. बॅकअप म्हणून तीन कंद लोकरी मोज्यात घालून अपेक्षाच्या खणात.

ऑडिटर गोपाळकृष्ण परांजपे यांनी आधी सॉफ्टवेअरच्या फायली चाळल्या. "ही सही काम संपल्यावरची आहे. इथे तर सहीच नाही. आणि ही सही कोणाची, हे सही करणाऱ्यालाही आठवणार नाही." मग ते यूपीएसच्या खोलीत शिरले आणि चौदाही पानं उभ्याने वाचली.

"या अख्ख्या ऑफिसात," ते म्हणाले, "लिहिलंय तसंच केलेली ही एकच गोष्ट. अभिनंदन. पण दोन कंद उलटे आहेत."

"उलटे?"

"कोंबाचा डोळा वर हवा. माझ्याकडे तीस कुंड्या आहेत, मला शिकवू नका."

कोणी शिकवत नव्हतं. किरकोळ त्रुटी नोंदवली गेली, रंगनाथने सर्वांसमक्ष कंद सुलटे केले, अपेक्षाने साक्षीदार म्हणून सही केली. सॉफ्टवेअरला सुधारायला महिन्याची मुदत मिळाली.

मार्चअखेर काकू परतल्या. चष्मा लावून त्यांनी पेटी उघडली. अकरा कंद, अकरा गुलाबी कोंब.

"बारावा?"

"सडला, काकू. कारण पान सातवर आहे." तोंडी सांगायची हिंमत नसल्याने त्याने कागदच पुढे केले.

काकूंनी सगळे वाचले. पान नऊवर थांबल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "धोका क्रमांक चार. मालकीणबाई. मायेच्या भरात पाणी घालू शकतात."

हे पान काढायचं राहूनच गेलं होतं. रंगनाथने मनातल्या मनात गादी गुंडाळून वाघोलीची बस पकडली.

"गेल्या वर्षी दोन तांबे घातलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अंदाज."

काकूंनी सगळ्यात टपोऱ्या कोंबाचा कंद निवडून त्याच्या तळहातावर ठेवला. "हा तुमच्या खिडकीत लावा."

"म्हणजे खिडकी माझी?"

"खिडकी खोलीलाच असते, रंगनाथ. वेगळी भाड्याने देत नाहीत."

रंगनाथ कुंडी आणायला असा सुटला, की खाली फाटकाशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, चपला वरच राहिल्यात.