खाली घेतलेली काच

ड्रायव्हरकाकांना एक खोड होती. टोलनाका आला की काच खाली करून बूथमधल्या बाईंना विचारायचे, “काय ताई, बरंय ना?” आता काचेवरचं कार्ड यंत्र वाचतं, दांडा आपोआप वर जातो, मग काच उघडायचं कारणच काय? पण खोड ती खोड! मागे बसलेल्या मालकीणबाई वैतागायच्या. “काका, धूर आत येतो हो! सांगून सांगून थकले, तुमचं आपलं येरे माझ्या मागल्या!”

एका सोमवारी मालकीणबाईंनी टोल कापल्याचा मेसेज काकांपुढे धरला. “काल सुट्टी होती. गाडी तुमच्या दारात होती ना? मग तिने टोल कसा ओलांडला?”

“गाडी जागची हलली नाही, बाई.”

“म्हणजे मेसेज भुताने पाठवला? किल्ली ठेवा इथे.”

काकांनी किल्ली ठेवली. नोकरी काय, दुसरी मिळेल. पण एवढ्या वर्षांनी चोर ठरून जायचं? “एकदा नाक्यावर चला,” ते कसेबसे म्हणाले. बाई निघाल्या, पण गाडी स्वतः चालवत.

टोलवाल्या ताईंनी ऐकून घेतलं आणि फणकारल्या, “छे हो! काल स्क्रीनवर यांचा नंबर आला म्हणून मी हसून वर बघितलं, तर काच बंद! म्हटलं, काका आजारी आहेत की काय? बघते तर गाडीच भलती. लगेच नाक्यावरच्या साहेबांना कॅमेऱ्यातला फोटो जपून ठेवायला लावला.”

फोटोत एक काळी जीप होती.

काकांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! आपली तडकलेली काच!” गेल्या महिन्यात गॅरेजात पुढची काच बदलली, तिच्यावर नवं कार्ड लावलं. जुनी काच जुन्या कार्डासकट तिथेच राहिली. कुणीतरी ते अलगद सोलून नेलं होतं. ते बंद करायला हवं, हे ना काकांना सुचलं ना बाईंना.

बाईंनी तिथूनच फोन करून कार्ड बंद केलं. मग किल्ली काकांच्या हातात ठेवली. “चुकलं माझं, काका.”

काका टोलवाल्या ताईंकडे वळले. “ताई, तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले? एवढ्या गाड्या जातात, पण मला बरंय का विचारणारे तुम्ही एकटेच.”

दुसऱ्या दिवशी नाका आला. काकांचा हात बटणाकडे गेला, पण त्याआधीच मागची काच खाली झाली.

“काय ताई,” मालकीणबाई म्हणाल्या, “बरंय ना?”