पानबुडीवाला

दुधानं तोंड पोयलं का मानूस ताकबी फुकून पेते. कपाशीचं बीटी बियानं नवं नवं निंगालं तवा माह्या मालकानं पाकीट आनलं. छापील नाव, शिक्का, समदं होतं. पऱ्हाटी कंबरेएवढी झाली अन् बोंडअळीनं चाटून पुसून खाल्ली. पाकीटच बोगस! तवापासून आमी कोनाच्या बापावर भरोसा ठेवत नाई.

अशात मलकापूरचा दीपक आपल्या मामाले घेऊन आमच्या पोट्टीले, निशिगंधाले पाहाले धामणगावले आला.

"उकंडराव," मामा माह्या मालकाले म्हने, "भाचा नेवीत हाये. पानबुड्या दुरुस्त करते."

मालकानं माह्याकडं पाह्यलं. पानबुडी तं आमच्या इहिरीतबी हाये! पान्यात बुडवाची मोटर, तिले आमी पानबुडीच म्हनतो. म्हंजे पोट्टा मोटर दुरुस्तीवाला, अन् सांगते नेवी!

दीपक हसला. "ते नाई, मावशी. लढाईची पानबुडी, मानसं बसतात तिच्यात. आमचं जहाज म्हंजे तिची माय समजा. तेल, जेवन, पानी आमीच पुरवतो. बिघडली का आमीच दुरुस्त करतो."

"जहाज असते कुठी?" मालकानं इचारलं.

"ते सांगता येत नाई."

हाव! बियान्यावालाबी असाच म्हने, कंपनीचं गुपित हाये.

त्याचं खोटं उघडं पाडाचं होतं मले. म्या म्हनलं, "बापू, आमची पानबुडी चार दिसांपासून बंद हाये. पाहून देता काय?"

इहिरीवर गेल्याबरोबर त्यानं फ्यूज काढला अन् खिशात टाकला. पाह्यलं म्या! खिशात कायले बापा? मंग मामा-भाच्यानं दोर ओढून मोटर वर काढली. आतली चक्री गाळानं जाम झालती. त्यानं खोलली, धुतली, हातानं फिरवून पाह्यली अन् परत सोडली. तवा कुठी खिशातला फ्यूज लावला.

"जहाजावर असंच असते," मले म्हने. "मशिनीच्या आत मानूस कामाले असला का फ्यूज त्याच्याच खिशात. नाईतं वरून कोनीबी बटन दाबते."

बटन दाबलं. पाइपातून भसकन पानी आलं.

मालक ओरडले, "पाह्य! मेकॅनिकच निंगाला! नेवी-फेवी काई नाई. निंगा आता आपल्या मलकापूरले!"

दीपकचं तोंड एवढंसं झालं. मोटर नसती बनली तं खोटा, बनली तं अजूनच खोटा! आता काय करावं त्या पोट्ट्यानं?

निशिगंधा पाटाजवळ उभी होती. तिच्यानं राहवलं नाई. "बाबा, तुमच्या पाकिटावर नाव छापलेलं होतं, खरं निंगालं काय? याच्या पाकिटावर भरोसा नाई तं नका ठेवू. बी तं तुमच्या डोयापुढं उगवलं ना? मेकॅनिक असन तं मेकॅनिक. मले हाच पायजे."

मालक पाटातल्या पान्यात हात घालून बसले, मंग म्हनले, "पानी तं खरं हाये." त्या जहाजाचा भरोसा मले अजूनबी नाई, पन पोट्टीचं बोलनं मले पटलं.

"चाला, जवाईबापू, जेवून घ्या," म्या म्हनलं. "अन् मोटर बंद करा, पन तो फ्यूज परत खिशात तं नाई गेला ना, ते पाहू द्या मले आधी."