नापासांचं पिंप

मामा डॉक्टर नव्हते, पण शहरातले अर्धे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेले होते. वैद्यकीय कॉलेजच्या तळमजल्यावर डिसेक्शन हॉल होता. तिथले मदतनीस म्हणून ते लागले आणि एकतीस वर्षं तिथेच राहिले. हुद्दा म्हणाल तर शिपायापेक्षा अर्धी पायरी वर. पण हात सोलावा तो मामांनीच, हे प्राध्यापकही मान्य करायचे. देहदानातून आलेल्या माणसाचा हात टेबलावर आला की मामा आधी त्याला नमस्कार करत, मग चष्मा नाकावर घसरवून बसत. कातडी अशी उचलत की खालचा एक धागा तुटेल तर शपथ. मग रंगीत दोरे बांधायचे, धमनीला लाल, नसेला पिवळा आणि दोरीला पांढरा. नस म्हणजे मेंदूशी जोडलेली, जिच्यामुळे बोटांना स्पर्श कळतो ती. दोरी म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी, जी ओढली की बोट वाकतं ती. पुस्तकात तिला मोठं नाव आहे, पण हॉलमध्ये सगळे दोरीच म्हणायचे.

"नस आणि दोरी या जुळ्या बहिणी," मामा दर वर्षी नव्या पोरांना सांगत. "दोघी पांढऱ्या, दोघी मनगटातून शेजारी शेजारी जातात. पण दोरी चकाकते. नस जरा मळकट, मऊ, आणि तिच्या अंगावर केसाएवढी बारीक रक्तवाहिनी पळत असते. दोरी ओढली की काहीतरी वाकतं. नस ओढली तर काही वाकत नाही, पण कापली तर माणूस बसतो बोंबलत. ओळखायला शिका, नाहीतर कुणाचं तरी वाटोळं कराल."

पोरं हसायची. मामा बोलायचे तिखट, पण पोरांवर जीव होता त्यांचा.

आता पिंपाचं सांगतो. पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात, तसे सगळे हातही सारखे नसतात. मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी असते. अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवलं की ती कातडीखाली तट्ट उभी राहते. कित्येकांना ती नसतेच. कुणाला एका हाताला नसते, कुणाला दोन्हींना नसते, आणि त्याचं आयुष्यभर काही अडत नाही. पण मामा नवे होते तेव्हाच्या मोठ्या सरांना असले हात चालायचे नाहीत. "पोरं आधीच घाबरलेली असतात," ते म्हणायचे. "पुस्तकात आहे तेच टेबलावर दिसलं पाहिजे. गोंधळ घालणारा हात मागे ठेवून द्या." मामा ठेवून देत. मागच्या खोलीत औषधाच्या पाण्याचं एक निळं पिंप होतं, त्यात ते हात जायचे. मामांनी त्याला नाव दिलं होतं नापासांचं पिंप. "मेल्यावरसुद्धा परीक्षेत नापास झाले बिचारे," असं म्हणून झाकण लावायचे. मोठे सर निवृत्त झाले, वारले, नवे आले. पिंपाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मामांनी सवय सोडली नाही. मामांच्या टेबलावरचा हात म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारखा, असं कुणी म्हटलं की ते दिवसभर खूश असायचे.

मामांना एकच मुलगी. आई लवकर गेली तिची, तेव्हापासून मामांनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. ती शिवणकाम करायची. दोन गल्ल्या सोडून तिचं छोटंसं दुकान होतं. जुने कोट उसवून नव्या मापात बसवणं आणि हाताने काजं करणं यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हातावर पोट, पण मजेत होती. एकदा खिडकीची फुटलेली काच उचलताना उजव्या हाताच्या अनामिकेला कापलं. तिने चिंधी बांधली आणि कामाला लागली. जखम भरली, पण बोट काही वाकेना. आतली दोरी तुटली होती.

"बाबा, चाललंय की," ती म्हणायची. "सुईला अंगठा आणि ही दोन बोटं लागतात. अनामिका काय, शोभेची."

"कात्री घसरते ना पण?"

"घसरते थोडी."

"मग चाललंय कसलं? मी बसलोय ना इथे. माझ्या हाताखालचा पोरगा आज हातांचा मोठा सर्जन आहे. मी सांगितलं तर उभ्या उभ्या बोट नीट करून देईल."

ती सहा महिने टाळत होती आणि बाप सहा महिने मागे लागला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसंच झालं. आणि हात दाखवायला नेणारा सख्खा बाप.

सर्जनने मामांना पाहिल्या पाहिल्या खुर्ची पुढे केली. हुशार मुलगा. विद्यार्थी असताना हॉल बंद व्हायची वेळ झाली तरी "मामा, अजून एकदा दाखवा ना" म्हणत बसून राहायचा. आजूबाजूला दोन शिकाऊ डॉक्टर आणि एक नर्स उभी होती. त्याने बोट तपासलं आणि म्हणाला, "तुटलेली दोरी आता जुळायची नाही, फार दिवस झाले. पण मनगटात एक जादाची दोरी असते. ती काढून बोटात घालू. ती नसली तरी माणसाचं काही अडत नाही. हो की नाही, मामा?"

पोरांना ती दोरी दाखवताना मामा हेच म्हणायचे, शब्दाला शब्द.

आणि त्याच क्षणी मामांना मुलगी सात वर्षांची दिसली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय हलवत बसलेली. मामांनी तिला अंगठा करंगळीची गंमत शिकवली होती. त्यांच्या मनगटावर दोरी उभी राहिली, तिच्या नाही. हा हात झाला, तो झाला. "बाबा, माझी दोरी कुठाय?" तिने रडवेलं तोंड करून विचारलं होतं. "देवाघरी विसरलीस, वेंधळे," असं म्हणून ते हसले होते.

मामांनी तोंड उघडलं. पण सर्जन कागदावर लिहीत होता, शिकाऊ डॉक्टर अदबीने ऐकत होते, आणि चारचौघांत मदतनिसाने सर्जनला हाताचं शरीरशास्त्र शिकवायचं म्हणजे जरा जास्तच, असं त्यांना वाटलं. तपासेलच की तो. नसली तर पायातून घेतात, हे त्यालाही ठाऊक आहे. मामा एवढंच म्हणाले, "नीट करा हां, डॉक्टर."

"मामा, तुमच्याच हाताखाली शिकलोय मी," सर्जन म्हणाला, आणि मामांची छाती फुगली. हेच त्यांना पुढे सगळ्यात जास्त डाचलं, की त्या वेळी आपली छाती फुगली होती.

ऑपरेशन झालं. हात बरेच दिवस पट्टीत होता. बोटं बधिर वाटतात म्हणाली, तर सूज आहे, उतरेल म्हणाले. पट्टी निघाली तेव्हा अनामिका थोडी वाकली. सगळ्यांनी कौतुक केलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती घरी कपड्यांना इस्त्री करत होती. मामा पलीकडे चहा घेत बसले होते.

"बाबा, काहीतरी जळतंय का हो?"

तिने कापड उलटंपालटं करून पाहिलं, वायर पाहिली. मामांना वास आधी ओळखू आला. कापडाचा नव्हता तो. तिचा अंगठा इस्त्रीच्या तापलेल्या कडेला टेकलेला होता, आणि ती वास कुठून येतोय ते शोधत होती.

मामांनी हात पाण्याखाली धरला, मलम लावलं, तिला टेबलापाशी बसवलं. "डोळे मिट. शिवलं की हो म्हण." कापसाचा बोळा करंगळीला लावला. "हो." अनामिकेच्या करंगळीकडच्या कडेला लावला. "हो." मधल्या बोटाला लावला, अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला लावला, अंगठ्याला लावला. ती शांत बसून राहिली, आपली पाळी यायची आहे अशी.

"आता तळहात वर कर. अंगठा छताकडे उचल."

अंगठा लोळत राहिला. त्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो बसायला लागला होता. मनगटावरचा व्रण मामांनी बोटाने चाचपला. मुलीच्या मनगटात दोरी नव्हतीच. दोरी नसली की तिच्या जागी, अगदी कातडीजवळ, सापडते ती मोठी नस. अंगठ्याला, पहिल्या बोटाला, मधल्या बोटाला जाग देणारी. आयुष्यभर मामांनी जिला पिवळा दोरा बांधला ती नस मनगटातून काढून अनामिकेत शिवली होती. एक शोभेचं बोट वाकवायला तीन जिवंत बोटं मारली होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. सूज आहे," मामा म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ओळखू येईना.

दुपारी ते सर्जनच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. खुर्ची नाकारली.

"काढलीत ती कशी दिसत होती?"

"दोरी ना? जरा जाड होती, मामा. का?"

"मळकट होती? अंगावर केसाएवढी वाहिनी होती?"

सर्जनच्या हातातलं पेन तसंच राहिलं. रक्त थांबवायला दंडाला पट्टा आवळलेला, सगळंच पांढरं दिसत होतं, असं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "असावी."

"अंगठा करंगळी करून पाहिलं होतंत आधी?"

"नाही पाहिलं."

"अरे माझ्या कर्मा!" मामांनी टेबलावर हात आपटला. "पहिल्या वर्षाचं पोर करतं रे हे! दोन सेकंदांचं काम! तुला एवढं शिकवलं ते काय धुऊन प्यायलास?" एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही डॉक्टरला अरे-तुरे केलं नव्हतं.

सर्जन ऐकून घेत होता. त्याचे डोळे भरले होते. "पुस्तकात एक ओळ होती, मामा. काहींना नसते म्हणून. वाचली होती मी. पण तुमच्या टेबलावर मी वीस हात पाहिले, आणि वीसच्या वीस हातांत ती होती. माझ्या डोक्यात बसलं की असतेच. तुम्हाला दोष देत नाही. चूक माझीच आहे, मी तसं लिहून देणार आहे."

मामांचा राग ओसरला आणि नाकारलेल्या खुर्चीत ते बसले. सर्जन हॉलमध्ये शिकत होता त्या वर्षी नापासांच्या पिंपात पाच हात गेले होते. मोजून पाच. त्यांना आकडासुद्धा आठवला.

दुसरं ऑपरेशन करता येईल, सर्जनने सांगितलं. पायातली एक नस घेऊन मनगटात जोडायची. वर्ष-दीड वर्षाने थोडी जाग येईल, गरम-गार कळेल. "पण सुई?" मामांनी विचारलं. सर्जनने नकारार्थी मान हलवली.

मामांनी मुलीला तीन दिवस काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ते दुकानात गेले तर ती सुईत दोरा ओवत होती. सुई बोटांतून पडायची, ती उचलायची, डोळे बारीक करून बोटांवर नजर ठेवायची. नजर हलली की सुई पुन्हा खाली. मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नस, पिंप, ओट्यावरची गंमत, सगळं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"आणि माझ्यासमोर बसून गप्प राहिलात. का तर डॉक्टरला कसं सांगायचं."

"हो."

"आणि माझ्यासारखे हात त्या पोरांना कधी दाखवलेच नाहीत." तिने सुई डाव्या हाताने टाचण्यांच्या उशीत खोचली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, बाबा. मीही तुमच्या पिंपातलीच की मग."

मामा रडले. ती उठली नाही, जवळ आली नाही. पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली, दुकानावर कुलूप चढलं. मग एका सकाळी तिने आपणहून विचारलं, "नवीन पोरं कधी येतायत तुमच्या हॉलमध्ये?"

"सोमवारी."

"मी येते."

सोमवारी मामांनी कुणालाही न विचारता पिंप उघडलं आणि त्यातला प्रत्येक हात टेबलावर मांडला. नव्या मुलांना आपापला अंगठा करंगळीला टेकवायला लावलं. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी घाबरून म्हणाली, "मामा, माझ्या हातात नाहीये ती." मामा तिला म्हणाले, "नसू दे. लक्षात ठेव, आणि पेशंटला हात लावशील तेव्हा आधी बघ."

मग त्यांनी आपल्या मुलीला स्टुलावर बसवलं. कुणाचं काय चुकलं ते सगळं सांगितलं, स्वतःचंही. तिने उजवा हात टेबलावर पालथा टाकला, डाव्या हाताने उलटा केला आणि डोळे मिटून घेतले. मामांनी पहिल्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याला टाचणी दिली. तो कचरला. मामांनी मान डोलावली, तेव्हा त्याने तिच्या मधल्या बोटाला टोचलं, पहिल्या बोटाला टोचलं आणि अंगठ्याला जरा जोरात टोचलं. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. सगळा वर्ग पुढे वाकून बघत होता.

"अहो, करा ना सुरू," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मिटून मिटून डोळे दुखायला लागले माझे."

मामांनी कापसाने तिच्या अंगठ्यावरचं रक्त पुसलं. तेही तिला कळलं नाही.