ताटली जाईल एवढी फट

दुसऱ्या पुरानंतर चिमणाबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी नीट लागेनाशी झाली. पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं, तेव्हा ती चौकट तीन दिवस पाण्यात उभी होती. लाकूड फुगलं, मग वाळून वेडंवाकडं झालं, आणि खालून वाळवी लागली. चिमणाबाई तिच्या झडपा सुतळीनं बांधून दिवस काढत होत्या. शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं, यशराजनं, घरातल्या पाचही खिडक्या बदलायचं ठरवलं.

खिडक्यांच्या दुकानात तो आणि त्याची बायको संयोगिता दोघंच जाणार होते. चिमणाबाई पायात चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"आई, उन्हाचं तुम्ही कशाला?" संयोगिता म्हणाली.

"स्वैपाकघराची खिडकी मी बघणार हाय."

दुकान ऋतुराज नावाच्या तरुणाचं होतं. त्यानं लाकडाचा विषय पहिल्याच वाक्यात संपवला. "पाणी चढणाऱ्या घरात लाकूड घालू नका, दादा. ॲल्युमिनियम घ्या, न्हायतर ही पांढरी यूपीव्हीसी, प्लास्टिकची. सरकती करा, जागा अडत न्हाय. जाळी बसवू, डास बंद."

यशराजला सरकती पटली. ऋतुराजनं नमुन्याची खिडकी सरकवून दाखवली. चिमणाबाईंनी ती बघितली, स्वतः सरकवली.

"ही अर्धीच उघडत्या की रे."

"सरकती अर्धीच उघडणार, मावशी. एक काच दुसरीच्या मागं जाती."

"मग मला नको. मला आत उघडणारी पायजे, दोन झडपांची. आणि गजात एवढी फट पायजे." त्यांनी पिशवीतून स्टीलची ताटली काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

ऋतुराज हसला नाही. त्यानं टेप काढून ताटली मोजली. "साडेनऊ इंच. दहाची फट ठेवावी लागंल."

"आई, दहा इंचात मांजर येतंय," यशराज म्हणाला. "उद्या चोर येईल. समोरचं घर बंद हाय. ताटली द्यायची कुणाला?"

चिमणाबाईंनी ताटली पदरानं पुसली आणि परत पिशवीत ठेवली.

समोरचं घर चंदनाचं होतं. दोन घरांच्या मध्ये दोन हातांचा बोळ, आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकमेकींच्या तोंडावर. चिमणाबाई लग्न होऊन आल्या त्याच वर्षी चंदना त्या जैन घरात सून म्हणून आली. दोघींच्या सासवा एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणून सुना खिडकीतून बोलू लागल्या. पुढं सासवा गेल्या आणि दोघींनी आपापल्या खिडकीचा एकेक गज कापून घेतला. चंदनाकडून खपली गव्हाची हुग्गी, गुळातली खीर, यायची. चिमणाबाई शेंगदाण्याच्या पोळ्या द्यायच्या. चंदनासाठीची भाजी त्या कांदालसणाशिवाय वेगळ्या भांड्यात करायच्या, आणि दिवस मावळायच्या आत पोचवायच्या, कारण त्यानंतर चंदना जेवत नसे. चाळीस वर्षं चिमणाबाईंची संध्याकाळ घड्याळावर नाही, चंदनाच्या जेवणावर ठरायची.

दुसऱ्या पुरात चंदनाच्या घरातलं धान्य, कपाटं, सगळं गेलं. तिचा मुलगा चिराग बंगळूरहून आला आणि आईला घेऊन गेला. "महिन्याभरात येते, आक्का," चंदना म्हणाली होती. ती चिमणाबाईंना आक्काच म्हणायची. त्याला आता तीन वर्षं झाली. फोन व्हायचे, पण चंदनाला ऐकू कमी येऊ लागलं होतं. "इथं खिडक्या मोठ्या हायत," ती सांगायची, "पण समोर कोण न्हाय. चौदावा मजला. नुसतं आभाळ दिसतंय."

दुकानातून घरी येताना रिक्षात संयोगिता नवऱ्याला म्हणाली, "चार खिडक्या तुमच्या मनासारख्या करा. स्वयंपाकघरात आई वावरतात. ती त्यांच्या मनासारखी होऊ दे." दुसऱ्या दिवशी यशराजनं ऋतुराजला फोन करून दहा इंच सांगितले.

खिडकी बसली. पांढरी चौकट, स्वच्छ काच, दोन झडपा आत उघडणाऱ्या. ऋतुराजनं चिमणाबाईंना सगळं समजावून सांगितलं: चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी जायची भोकं आहेत, ती काडीनं मोकळी ठेवायची, बिजागऱ्यांना वर्षातून दोनदा शिलाई मशीनचं तेल, काचेला ओलं फडकं पुरे, ॲसिड लावायचं नाही. चिमणाबाईंनी दोनदा विचारून घेतलं. मग हात धुऊन त्यांनी बंगळूरला फोन लावला.

"चंदना, खिडकी नवी केली ग. फट ठेवल्या. पहिल्यापेक्षा मोठी हाय."

ऐकू गेलं नसेल म्हणून चिमणाबाईंनी पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"ऐकलं, आक्का," चंदना म्हणाली. "घर विकलंय चिरागनं. सौदा होऊन महिना झाला. तुला कसं सांगू कळंना."

चिमणाबाई तिथंच पाटावर बसल्या. पुढचं त्यांना तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. सह्यांसाठी गुरुवारी यायचंय. सकाळी येऊन संध्याकाळी परत.

गुरुवारी चिमणाबाईंनी पहाटे उठून शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. चंदनाचं कचेरीतलं सह्यांचं काम लांबलं. चंदना बोळापलीकडच्या घरात पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. चिराग दारात फोनवर बोलत होता. आतून तिचा खोकला ऐकू आला आणि चिमणाबाई खिडकीशी धावल्या.

समोरची खिडकी हलत होती, उघडत नव्हती. पुराच्या पाण्यानं तिच्या झडपा चौकटीत घट्ट बसल्या होत्या. धुळीनं भरलेल्या काचेमागं चंदनाचा चेहरा दिसत होता. ती आतून ओढत होती आणि तिच्या हातात बळ नव्हतं.

"थांब! मी दारानं येते!" चिमणाबाई ओरडल्या. चंदनाला ऐकू गेलं नाही. ती ओढतच राहिली.

यशराज नुकताच कारखान्यातून आला होता. आईच्या मागं उभं राहून त्यानं ते बघितलं. तो मागच्या परड्यातून पहार घेऊन आला. "सर जरा, आई." त्यानं दहा इंचांच्या फटीतून पहार बाहेर काढली, हात खांद्यापर्यंत घातला, आणि समोरच्या झडपेला टोक लावलं. "काकू, मागं व्हा!" त्यानं हातानं खूण केली. चंदना मागं सरकली. दोन धक्क्यांत काही झालं नाही. तिसऱ्याला झडप करकरत आत गेली आणि धुळीचा लोट बोळात पडला.

चंदना बारीक झाली होती. केस पार पांढरे झाले होते. चिमणाबाईंनी ताटली पुढं केली, तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, पण अर्धं मिनिट ताटली कुणीच सोडली नाही.

"दिवस मावळायचा हाय अजून," चिमणाबाई म्हणाल्या. "खा."

रिकाम्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चंदना पोळी खाऊ लागली. "तूप कमी घातलंयस," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. बोलायचं तीन वर्षांचं साठलं होतं, पण चिमणाबाई नुसत्या तिच्याकडं बघत राहिल्या. दारातून चिराग म्हणाला, "आई, गाडीची वेळ झाली."

नवीन मालकानं गणपतीनंतर घर पाडलं आणि दिवाळीपर्यंत भिंत उभी केली. बोळाच्या बाजूला त्यानं एकही खिडकी ठेवली नाही. चिमणाबाईंच्या स्वयंपाकघरात आता दुपारीही दिवा लावावा लागतो. संयोगितानं एकदा विचारलं, धुरकट काच बसवायची का, भिंत दिसायची नाही. चिमणाबाई नको म्हणाल्या. त्या दर शनिवारी काच पुसतात, भोकं काडीनं मोकळी करतात. संध्याकाळी भाजी चिरताना त्यांची नजर वर जाते आणि सिमेंटवर थांबते. चंदनाचे फोनही कमी झाले, कारण तिला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

संक्रांतीनंतर एके दिवशी चिमणाबाईंनी यशराजला हाक मारली. "बंगळूरच्या गाडीचं तिकीट काढ."

"एकटी जाणार?"

"व्हय. चिरागला सांगून ठेव, आठ दिवस ऱ्हाणार हाय म्हणून."

यशराजनं लगेच फोन लावला. चिरागच्या मुलीनं, रुचितानं, उचलला, आणि निरोप आजीच्या कानाशी ओरडून सांगितला. एकदा, दोनदा, तीनदा. मग फोनवर चंदनाचा आवाज आला, नको तितका मोठा.

"कधी? आक्का, कधी येणार?"

चिमणाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "येत्या बुधवारी!"