शेजाऱ्यांचे पाच मार्क

तन्वे, तू फक्त ऐक. मधे एक शब्द बोलायचा नाही. रविवार आहे, तुला ऑफिस नाही, तुझा नवरा अजून लोळत असणार, त्यामुळे कारणं सांगू नकोस. आणि मधेमधे चर्र, फट् असे आवाज येतील. तिकडे लक्ष देऊ नकोस. कळेल शेवटी.

तर आमच्या होस्टेलची ती गाण्याची स्पर्धा. अगं, मागच्या वर्षी फोनवर रडले होते ना तुझ्याकडे, तीच. अकरा वर्षांपूर्वी इथे एक फिनलंडची मुलगी राहायची, तिने युरोपातली ती मोठी स्पर्धा बघून इथेही सुरू करून दिली. नऊ देश. प्रत्येक देशाचा एक गायक, एक जज. जजने आपला देश सोडून बाकीच्यांना मार्क द्यायचे: एकाला पाच, एकाला तीन, एकाला एक. संपलं.

आता तू म्हणशील, होस्टेलची स्पर्धा, त्यात एवढं काय? बक्षीस, तन्वे, बक्षीस! खालच्या मजल्यावरचं गॅसचं किचन! भूकंपानंतर वरच्या सगळ्या मजल्यांवरचा गॅस काढून टाकला, आता नुसत्या त्या काळ्या गुळगुळीत इलेक्ट्रिक शेगड्या. अख्ख्या इमारतीत खरी ज्योत एकाच ठिकाणी. सोमवार ते शनिवार चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो, माझा दीड वर्षात दोनदा लागला. पण रविवार जिंकणाऱ्या देशाचा. वर्षभर. किल्लीसकट.

तुला कळणार नाही, तुझ्याकडे गॅस आहे. आई साताऱ्याहून येताना पाच किलो ज्वारीचं पीठ घेऊन आली होती, स्वतःचे स्वेटर काढून ठेवून. आणि मी त्या काळ्या काचेवर भाकरी करते. फुगत नाही गं! त्या काचेवर दीड वर्षात एक भाकरी फुगली नाही. मी पापड खाते भाकरीच्या नावाने. भरताचं तर बोलूच नकोस. वांगं मायक्रोवेव्हमध्ये? ते भरीत नाही, ते आजारी माणसाचं जेवण.

तर मागच्या वर्षी आपला पार्थ गायला. नाशिकचा, मटेरियल सायन्सवाला, लांब मफलर घालतो तो. असा गायला की कुमागाई-सानने चष्मा काढून पुसला. कुमागाई-सान म्हणजे होस्टेलच्या ऑफिसातल्या बाई, साठीच्या, त्या आमच्या कचऱ्याची पिशवीसुद्धा उजेडात धरून बघतात, त्यांचा चष्मा पुसणं म्हणजे विचार कर. आणि आपला नंबर किती? चौथा!

माझं डोकंच फिरलं. मी गेले कुमागाई-सानकडे, म्हटलं जुन्या मार्कांचे कागद आहेत का? त्यांनी कपाट उघडलं. अकरा वर्षांचा एकेक कागद, फाइलमध्ये, वर्षाप्रमाणे. मी दोन रात्री बसून सगळं एक्सेलमध्ये भरलं. आणि तन्वे, काय निघालं सांगू? मलेशिया इंडोनेशियाला पाच. इंडोनेशिया मलेशियाला पाच. वर्षभर किचनमध्ये एकाच पदार्थावरून भांडतात, हा आमचा का तुमचा म्हणून, आणि मार्क द्यायच्या दिवशी गळ्यात गळे! लाओस व्हिएतनामला, व्हिएतनाम लाओसला. गाणं कुणी ऐकतच नाही! आपल्या बाजूच्या गावातला आहे ना, घ्या पाच!

मी म्हटलं, सापडला चोर. समितीच्या मीटिंगमध्ये मांडायचं की यापुढे शेजारच्या देशाला मार्क द्यायला बंदी. मी यंदाची भारताची जज, त्यामुळे मला बोलायचा हक्क होताच.

फक्त एक भानगड होती. सात आणि आठ नंबरची ओळ.

सातवी ओळ: नेपाळकडून भारताला. अकरापैकी अकरा वर्षं पाच. आठवी ओळ: भारताकडून नेपाळला पाच. शून्य वेळा. एकदा एक मार्क दिलाय, तोही बहुधा लिहिणाऱ्याचा हात घसरला म्हणून. आपली माणसं ब्राझीलला देतात, व्हिएतनामला देतात, एका वर्षी तर ज्याचा माइक बंद पडला होता त्याला दिलेत. नेपाळला नाही.

मग मी काय केलं? हसू नकोस. दोन्ही ओळी सिलेक्ट केल्या, राइट क्लिक, हाइड.

हाइड केलं, डिलीट नाही! खोटं काही लिहिलं नाही मी! नुसतं झाकलं.

मीटिंगला सगळे जज. माझ्या शेजारच्या खुर्चीत अस्मिता, नेपाळची जज. ३११ मध्ये राहते, मी ३१२, मधे एक पातळ भिंत. माझी कचऱ्याची पिशवी लाल स्टिकर लावून परत आली होती, तेव्हा हिनेच फरशीवर बसून माझं सगळं प्लास्टिक वेगळं केलं होतं. आम्ही हिंदीत बोलतो, मला दिदी म्हणते, माझ्याहून मोठी असून. आणि मी तिच्या शेजारी बसून अर्धा तास बोलले. प्रामाणिकपणा, संगीत, कान उघडे ठेवा, नकाशा बंद करा. काय बोलले मी! माझा मलाच अभिमान वाटत होता.

बोलून झालं. कुमागाई-सानने प्रिंट हातात घेतली. पेन्सिल एकेका ओळीवरून खाली. मग पेन्सिल थांबली. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मिताली-सान, सहानंतर एकदम नऊ आहे. सात आणि आठ कुठे गेले?"

तन्वे, मला दीड वर्षात आलेलं सगळं जपानी त्या क्षणी गेलं.

माझाच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला. त्या उठल्या, "शित्सुरेइ शिमास" म्हणाल्या, म्हणजे माफ करा हं, आणि सहा ते नऊ सिलेक्ट करून राइट क्लिक. अनहाइड. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात, नेपाळ, भारत, अकरा. भारत, नेपाळ, शून्य.

मंगोलियाच्या पोराने शिट्टी वाजवली. पार्थने मफलरमध्ये तोंड घातलं. आणि अस्मिता नुसती भिंतीकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दिदी, एकदाही नाही?"

मी म्हटलं, "अगं, मी तर याच वर्षी जज झालेय."

"झाकल्या मात्र तूच ना?"

मी प्रोजेक्टरची वायर काढली.

बंदी काही झाली नाही. कुमागाई-सान म्हणाल्या, कुणालाही द्या, पण ज्याला पाच द्याल त्याचं कारण माइकवर सगळ्यांसमोर सांगायचं. आणि 'शेजारी आहे' हे कारण चालणार नाही. बाहेर पडल्यावर पार्थ म्हणाला, "वा मॅडम. एकच देश आपल्याला न चुकता पाच द्यायचा, त्यालाच घालवलंस. भाकरी तू आता साताऱ्यालाच जाऊन खा."

पुढचे तीन आठवडे अस्मिता भेटली की गोड हसायची. बोलायची काहीच नाही. मंगळवारी कचऱ्यासाठी दार वाजवायची, ते बंद. दोनदा माझा कचरा राहिला.

मग गेल्या शनिवारी स्पर्धा. पार्थ छान गायला, खोटं कशाला बोलू, मागच्या वर्षीपेक्षा भारी. मी डोळ्यांसमोर ज्योत बघत होते. निळी. आणि मग नेपाळचा संजीव आला. रोबोटिक्सवाला, अडखळत बोलणारा, लिफ्टमध्ये भेटला तर बुटांकडे बघतो. मांडीवर मादल घेतला, तो त्यांचा छोटा ढोल, आणि भातकापणीचं गाणं सुरू केलं, त्याच्या आजीचं. एक शब्द कळत नव्हता बाकीच्यांना. दुसऱ्या कडव्याला लाओसची मुलगी उभी राहून टाळ्या देत होती. तिसऱ्याला कुमागाई-सानचा पाय हलत होता, टेबलाखाली, मी पाहिला. आणि माझ्या अंगावर काटा. मी मनात म्हटलं, अरे देवा, हा चांगला गातोय. असं नको ना करूस.

मग मार्क. खोलीच्या नंबरप्रमाणे एकेक जज माइकवर. कारणं काय दिली एकेकाने! मलेशियाच्या जजने इंडोनेशियाला पाच दिले आणि म्हणाला, "कारण तिचा स्वर शुद्ध होता आणि तिची आई मला सांबाल पाठवते." सांबाल म्हणजे त्यांचा ठेचा. कुमागाई-सान म्हणाल्या, "एकच कारण." त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग सांबाल." हॉल कोसळला.

शेवटी उरलो दोघी. ३११ आणि ३१२. फळ्यावर नेपाळ पंधरा, भारत चौदा. बाकीचे सगळे कुठेच नाहीत.

अस्मिता उठली. पार्थ माझ्या कानात म्हणाला, "ही आपल्याला एकसुद्धा देणार नाही, बघ." ती माइकपाशी गेली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाच. भारत. कारण पार्थ सर्वांत सुरात गायला."

बस. आली आणि जागेवर बसली.

भारत एकोणीस, नेपाळ पंधरा, आणि माइक माझ्या हातात. तन्वे, तू इंजिनिअर आहेस, कर हिशोब. मी नेपाळला तीन दिले तर अठरा. भारत एका मार्काने जिंकला, रविवार माझे, भाकरी, भरीत, सगळं. आणि तीन काही कमी नाहीत! अकरा वर्षांत आपण त्यांना दिलेल्या सगळ्या मार्कांपेक्षा जास्त! पाच दिले तर वीस. किल्ली गेली.

पण तीन त्यांना तर पाच कुणाला? आणि कारण काय सांगू? मंगोलियाच्या पोराचा घसा बसला होता, त्याचं ते घशातलं गाणं कुकरची शिटी अडकल्यासारखं वाजत होतं. व्हिएतनामवाली अर्धं कडवं विसरून हसत बसली. मी तोंड उघडलं, मंगोलियाचं नाव अगदी जिभेवर आलं होतं, खरं सांगते, आणि समोर कुमागाई-सान पेन्सिल धरून बसलेल्या. त्या पेन्सिलने मला अगं परत सहा-नऊ, सहा-नऊ दिसायला लागलं.

मी म्हटलं, "पाच. नेपाळ. कारण गाणं चांगलं होतं."

मग जो गोंधळ झाला! संजीव बुटांकडे बघत रडला. अस्मिताने मला अशी मिठी मारली की माझी पिन तिच्या शालीत अडकली. आणि पार्थने काय केलं माहितीये? माझ्या खोलीत आला, फ्रिजमधली ठेच्याची बाटली उचलली आणि म्हणाला, "भाकरीच नाही तर ठेचा कशाला हवा?" घेऊन गेला! आठवडाभर माझ्याशी एक शब्द नाही. मी मात्र खोलीत बसून स्वतःला सांगत होते, मिताली, तू महान आहेस. उपाशी, पण महान.

थांब, एक मिनिट, उलटू दे... हां. बोल. नाही, तू बोलू नकोस, मी बोलते.

तर आज सकाळी दार वाजलं. अस्मिता. बोटात किल्ली फिरवतेय, बेडकाचं कीचेन असलेली. मी म्हटलं, आली मिरवायला. तर म्हणते, "दिदी, आम्हाला भाजलेल्या टोमॅटोच्या अचारापुरती ज्योत लागते, दहापर्यंत आमचं आटपतं. अकरा ते एक तू घे. दर रविवारी. वर्षभर."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "अगं, किती चांगली गं तू..."

"एक अट आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुमचे पाच आम्हाला. त्याच्या पुढच्या वर्षी पण. जो कुणी जज असेल त्याला तू सांगून ठेवायचं. आम्ही देतोच आहोत, तुम्हीही द्या. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसारखं वागावं."

मी म्हटलं, "अस्मिता! पण गाणं वाईट झालं तर?"

तर ती दाराला टेकून हसायलाच लागली. "दिदी, तुमची अकरा वर्षांची सगळी गाणी चांगली होती असं वाटतं तुला? एका वर्षी तुमचा मुलगा मोबाईलमध्ये बघून गायला होता. मधे त्याला फोन आला, तो घेतला, आणि परत गायला. आम्ही पाच दिले."

"पण का देता?"

"मला माझ्या सीनियरने सांगितलं, भारताला पाच. मी विचारलं नाही. तिनेही विचारलं नसणार."

"मग शनिवारी पार्थ सुरात गायला म्हणालीस ते?"

"ते खरंच होतं," ती म्हणाली. "पार्थ आल्यापासून लाजावं लागत नाही."

किल्ली तिने माझ्या समोर धरली. बेडूक हलतोय. मी, जिने अख्ख्या समितीसमोर कान उघडे ठेवा आणि नकाशा बंद करा म्हणून अर्धा तास भाषण ठोकलं! मी, जिने शनिवारी स्वतःची भाकरी स्वतःच्या हाताने घालवली! आणि तेवढ्यात जिन्यावरून पार्थ, कुठून ऐकत होता कुणास ठाऊक, हातात माझीच ठेच्याची बाटली, "हो म्हण, अगं हो म्हण, मूर्ख मुली, हो म्हण!"

काय? कसला आवाज? सांगितलं ना लक्ष देऊ नकोस. बरं, वांगं आहे. मोठं, साल पार काळं झालंय, आत्ता फुटलं, वाफ निघतेय. आणि शेजारच्या बर्नरवर, थांब, श्वास धर, तन्वे, ही फुगतेय... फुगतेय... फुगली! टम्म! पार्थ नाचतोय बघ मफलर फिरवत, जळेल रे तो, मूर्खा!

आता हसायचं बंद कर आणि खरं खरं सांग. त्या दारात तू असतीस, समोर ती किल्ली, आणि वर परातीत पीठ काढून ठेवलेलं, तर तू काय केलं असतंस?