वायरीच्या दुसऱ्या टोकाला

आमच्या ह्यांचं हेल्मेटचं दुकान आहे आणि ह्यांच्या जिभेला सुट्टी नसते. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर त्याला काय हवंय ते हेच सांगून मोकळे होतात, आणि निम्म्या वेळा चुकतात. दुकानाच्या मागच्या भागात माझं शिलाई मशीन आहे. मी मोटरसायकलच्या सीटची कव्हरं शिवते. त्यामुळे लग्नापासूनची ह्यांची सगळी भाषणं मी रेक्झिनमध्ये सुई घालता घालता ऐकली आहेत.

त्या सोमवारी भाषणाचा विषय होता इंटरकॉम, म्हणजे चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला हेल्मेटच्या आतून एकमेकांशी बोलता येतं तो संच. काउंटरवर बिनवायरचा नवाकोरा डबा उघडा होता. वायरवाला संच वरच्या फळीवर धूळ खात पडला होता, आणि ह्यांच्या मते त्याची जागा तीच होती.

"वायर?" हे म्हणाले. "आपण काय खाणीत उतरणार आहोत? बिनवायरचा घ्या. बोललात की आपोआप सुरू, गप्प झालात की आपोआप बंद. वाऱ्याचा आवाज नाही, गुंता नाही. घरातला माल आहे, भाऊ-बहिणीने हक्काने न्या!"

आम्हाला तो संच का हवा होता, ते सांगते. मी गाडी चालवते आणि माझा धाकटा भाऊ मागे बसून रस्ता सांगतो. आमच्या क्लबच्या शर्यतीत नुसत्या वेगाला कुणी विचारत नाही. सुरुवातीला हातात एक कागद देतात. किती अंतरावर वळायचं, कुठल्या टप्प्यात किती वेगाने जायचं, सगळं त्यात असतं, आणि वाटेत कुठेतरी झाडाआड पंच लपलेले असतात. लवकर पोचलात तरी गुण कापतात, उशिरा पोचलात तरी. म्हणजे हात माझे आणि डोकं मागच्याचं.

धाकट्याचं डोकं पहिल्या नंबरचं आहे. तो घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे वेळ त्याच्या बोटांत असते. पण बोलताना तो अडखळतो, लहानपणापासून. शब्द ओठापर्यंत येतो आणि उंबऱ्यात बसून राहतो. इतकी वर्षं आम्ही खांद्यावरच्या थापांवर भागवलं. डावी थाप म्हणजे डावीकडे, दोन थापा म्हणजे हळू. पण अलीकडे कागद असे अवघड व्हायला लागले की थापांत मावेनात. गेल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटच्यांची गाडी बंद पडली होती.

तेव्हा क्लबचे सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या वेळी माझ्या पुतणीला मागे घे. पोरगी घडाघडा बोलते. मौनीबुवांना आपण चहाच्या टेबलावर ठेवू." क्लबात धाकट्याला मौनी म्हणतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. धाकटा मात्र हसला, आणि घराच्या वाटेवर गाडी थांबवायला लावून म्हणाला, "ताई, ए... एकच शर्यत. नाही जमली तर ति... तिला घे."

ती सीट मी माझ्या हाताने शिवलेली आहे. माझा भाऊ त्या सीटवर बसला की त्याचे खांदे उतरतात, मान सैल होते, तो गुणगुणतो. बाकी जगात कुठेही तो असा बसत नाही. ती जागा त्याच्या हातून जाऊ द्यायची नाही, एवढं मी तिथेच ठरवलं.

तर आम्ही बिनवायरचा संच घेऊन शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर सरावाला गेलो. पहिली दहा मिनिटं मी खूश होते, माझाच आवाज असा स्वच्छ येत होता. मग वळण आलं. कानात "पु..." आलं, आणि लगेच "टुक!" सगळं बंद. पुन्हा "पु..." आणि "टुक!" धाकटा शब्दावर अडला की यंत्राला वाटायचं बोलणं संपलं, आणि ते दार लावून घ्यायचं. त्या दिवशी आम्ही सिमेंटचे पाइप रचून ठेवलेल्या एका आवारात जाऊन पोचलो. तिथल्या कुत्र्यांनी आमचं मनापासून स्वागत केलं.

हेल्मेट काढलं तर धाकट्याचे डोळे भरलेले. "य... यंत्र पण," एवढंच म्हणाला. जन्मभर लोकांनी त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं, आणि आता त्याच्या कानातही कुणीतरी तेच करत होतं. मला त्या डब्याचा इतका राग आला की तो तिथेच कुत्र्यांना देऊन टाकावा.

हे मात्र हार मानणारे नव्हेत. त्यांनी बटणं दाबून यंत्राचा कान तिखट केला. मग माइक उघडाच राहिला, पण वाऱ्याचा असा घोंगाट की धाकटा ओरडला असता तरी कळलं नसतं. बटण दाबून बोलायची सोय होती, पण धाकट्याच्या एका हातात कागद आणि दुसऱ्यात घड्याळ. तिसरा हात आणायचा कुठून?

"हा संच उत्तमच आहे," हे चिडून म्हणाले. "मालात काही खोट नाही."

"मग खोट माझ्या भावात आहे का?" मी विचारलं. हे गप्प झाले. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि फळीवरचा वायरवाला संच काढला. एक छोटी डबी, तिच्यातून निघालेल्या दोन वायरी, एक माझ्या हेल्मेटला, एक त्याच्या. त्याला अक्कल अशी काही नव्हतीच. कोण बोलतंय, कोण गप्प आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सुरू केला की सुरूच.

गाडी काढली आणि कानात काहीतरी ऐकू यायला लागलं. आधी वाटलं, वारा. मग कळलं की हा धाकट्याचा श्वास आहे. वळण जवळ आलं तसा तो श्वास अडला, वर ओढला गेला, घशात काहीतरी टेकलं. काहीतरी सांगायचंय, हे शब्दाच्या किती आधी मला कळलं! मी गाडी हळू केली. कुणी दार लावलं नाही. "पु... पुढचं डावं," तो म्हणाला, आणि मी वेळेत वळले. पुढच्या वळणाला तो कमी अडला. त्याच्या पुढच्याला त्याहून कमी. मी हेल्मेटमध्ये एकटीच हसत होते, आणि ते हसूही वायरीतून मागे पोचत होतं.

एकच भानगड होती. चहाला थांबलो तेव्हा धाकटा हेल्मेटमधली वायरीची पिन न काढताच खाली उतरला आणि माझी मान फटकन मागे गेली. आठवडाभर तो हेच करत राहिला. मानेला शेक घेता घेता मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. पण संच बदलायचं नाव काढलं नाही.

शर्यतीच्या सकाळी आमची वायर पाहून लोकांनी टिंगल केली. सेक्रेटरी म्हणाले, "बांधून ठेवलंयस का त्याला?"

"पळून जाईल म्हणून," मी म्हटलं.

अर्धी शर्यत सुरळीत गेली. मग पाण्याच्या उंच टाकीखालचा चौक आला. कागदावरच्या खुणेत टाकी होती, चौक होता, उजवं वळण होतं. आमच्या पुढच्या दोन्ही गाड्या उजवीकडे वळल्या. त्यातल्या एकीवर मागे पुतणी बसलेली, आणि तिचं तोंड काचेआड अखंड चाललेलं दिसत होतं. माझाही हात वळायला शिवशिवला.

तेवढ्यात कानातला श्वास अडला.

मी गाडी अगदी हळू केली आणि ऐकत राहिले. हे अडणं साधंसुधं नव्हतं. घशातला शब्द वर यायचा, परतायचा. मागून हॉर्न वाजले. एक गाडी आम्हाला ओलांडून उजवीकडे गेली. मी ब्रेकवर पाऊल ठेवून होते आणि मनात म्हणत होते, सावकाश रे बाळा, मी आहे.

"हा... हा नाही," धाकटा म्हणाला. "अंतर कमी भरलं. अ... अजून एक टाकी असणार. पुढे."

मी सरळ गेले. रस्त्यावर आम्ही दोघंच. आणि टेकाड ओलांडलं तर समोर तशीच टाकी, तसाच चौक! तिथे एका झाडाआड पंच बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि भुवया उंचावल्या. धाकटा गुणगुणायला लागला, तेव्हा मला काय ते कळलं.

शेवटच्या रेषेवर निकाल सांगितला तेव्हा धाकट्याने आनंदाने उडी मारली, पिन न काढता. त्यामुळे पहिला नंबर आल्याची बातमी मी आकाशाकडे बघत ऐकली. मान दुखत होती आणि मी वेड्यासारखी हसत होते. पुतणीने येऊन धाकट्याचा हात धरून हलवला. "मी इतकी बोलत होते की मोजायचंच राहिलं," ती म्हणाली. पोरगी चांगली आहे.

क्लबच्या हॉलमध्ये पद्धत अशी की जिंकलेल्या जोडीतल्या मागच्याने अवघड चौक कसा सोडवला ते माइकवर सांगायचं. सेक्रेटरींनी माइक स्वतःकडेच ठेवला. "मौनीबुवांच्या वतीने मीच दोन शब्द..."

धाकटा मंचावर चढला आणि त्याने त्यांच्या हातातून माइक घेतला. तोंडाजवळ धरला. श्वास ओढला. शब्द अडला. माझ्या शेजारी ह्यांनी वाक्य पूर्ण करायला तोंड उघडलं, तसा मी ह्यांच्या पायावर बूट ठेवला, पूर्ण वजनानिशी. मंचावर सेक्रेटरींनी मदतीसाठी हात पुढे केला.

"थां... थांबा," धाकटा म्हणाला. "मला घा... घाई नाही."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. दोन टाक्या, अंतर, वेळ, सगळं. मध्ये कितीदा अडला कुणास ठाऊक. कुणी खुर्ची सरकवली नाही, कुणी खोकलं नाही. संपल्यावर हॉल उभा राहिला, आणि मी ह्यांच्या रुमालात नाक शिंकरलं.

तो खाली आला तो थेट ह्यांच्याकडे. "भावोजी," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी..." आणि अडला.

हे तोंड मिटून उभे राहिले. मी पायावर पाय दिलेला नव्हता. ओठ थरथरत होते बिचाऱ्यांचे, पण वाक्य संपेपर्यंत थांबले.

"...वा... वायर जरा लांब लागेल."